दफ्तर, रुजवात आणि सर्व्हर रूम



 पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘उद्योगाच्या यशात माहिती तंत्रज्ञान विभागाचे स्थान’ असा भारदस्त छापला आहे. साध्या मराठीत सांगायचं तर कचेरीत ज्यांना आपण ‘आयटीवाले’ म्हणतो, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. हे आयटीवाले आपल्याला आठवतात कधी? प्रिंटर अडला की. पासवर्ड विसरला की. बँकेच्या काउंटरवर ‘सिस्टीम डाऊन आहे, जेवणाच्या सुट्टीनंतर या’ असं ऐकावं लागलं की. सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांची चौकशी कुणी करत नाही आणि मार्चअखेरीस खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिलं बोट त्यांच्याच मागणीवर ठेवलं जातं. विक्री विभाग पैसा आणतो, उत्पादन विभाग माल आणतो, हे लोक फक्त नवा सर्व्हर मागतात, असा एक समज आहे. तो समज कुठून आला, हे मला कळतं. तो चूक का आहे, ते आज सांगायचं आहे.

सांगायचं एकच आहे आणि त्यासाठी एक जुना शब्द उसना घेतो. तो शब्द म्हणजे ‘रुजवात’. हल्ली आपण तो ‘सुरुवात’ याच अर्थानं वापरतो. नव्या परंपरेची रुजवात झाली, वगैरे. ‘रुजणे’ या क्रियापदाशी त्याचं नातं असावं असं वाटून हा घोटाळा झाला असणार. मूळ शब्द हिशेबाच्या वहीतला. एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहणं, बोललेलं आणि लिहिलेलं, लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळतं की नाही ते बघणं, म्हणजे रुजवात. माझं म्हणणं असं, की आयटी विभागाचं खरं काम हे आहे. यंत्रं घेणं, तारा ओढणं, बिघाड काढणं हा त्या कामाचा हमालीचा भाग झाला. धंद्यात जे घडतं आणि धंद्याला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं, त्यांची वेळच्या वेळी रुजवात ज्या संस्थेत होते ती संस्था पुढे जाते. जिथे होत नाही तिथे विक्री कितीही जोरात असली तरी जमीन आतून पोखरलेली असते.

ही कल्पना परदेशातून आयात केलेली नाही. पुण्यात कौन्सिल हॉलच्या शेजारच्या दगडी इमारतीत पेशवे दफ्तराच्या कागदांचे रुमाल अजून बांधून ठेवलेले आहेत. ज्या हुजूर दफ्तरातून ते आले, ते नुसतं कागद साठवण्याचं कोठार नव्हतं. महालावर माणूस नेमताना वसुलीचा अजमास आणि जमाखर्चाचा बेहडा त्याच्या हातात पडे, वर्षाच्या शेवटी त्याच्याकडून आलेला हिशेब दफ्तरातल्या कागदांशी ताडला जाई, आणि तफावत निघाली की त्याला जाब द्यावा लागे. हे सगळं ज्याच्या देखरेखीखाली चाले तो फडणीस. शब्द आला फारसी ‘फर्दनवीस’ यावरून; फर्द, म्हणजे कागदाची यादी, लिहिणारा. नुसता लिहिणारा! पण नाना फडणवीस राज्यकारभाराच्या मध्यभागी पोचले ते तलवारीच्या वाटेनं नव्हे, या फडाच्या, म्हणजे हिशेबाच्या कचेरीच्याच, वाटेनं. कुठल्या महालातून किती येणं आहे, कुणाचं काय थकलं आहे, कुणाला कोणता शब्द दिला आहे हे ज्याला ठाऊक, त्याला विचारल्याशिवाय मसलत पुढे सरकत नसे. आजच्या कंपनीतला हा फड म्हणजे आयटी विभाग. फरक इतकाच, की आपण त्याला मसलतीच्या बैठकीत बोलावत नाही. प्रोजेक्टर लावायला बोलावतो.

आता पुरावा. पहिला पुरावा चहाच्या दुकानातून आणतो. धंद्याच्या कामासाठी जगात पहिल्यांदा संगणक चालवला तो कुणी? बँकेनं नाही, विमा कंपनीनं नाही, सैन्यानं तर नाहीच. तो चालवला लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीनं. ही मंडळी चहा आणि केक विकत. १८९४ मध्ये पिकॅडिलीत त्यांचं पहिलं चहाचं दुकान उघडलं आणि पुढे लंडनभर त्यांची दुकानं झाली. या धंद्याची अडचण काय, तर व्यवहार लाखो आणि प्रत्येकातला नफा दमडीचा. एका कपामागे जेवढं सुटायचं, त्याहून त्या कपाचा हिशेब ठेवायला जास्त खर्च आला तर? म्हणून या कंपनीनं १९२३ मध्ये जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा गणिती नोकरीवर घेतला आणि १९३० च्या दशकात कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारं एक खास कार्यालय उभं केलं. लक्षात घ्या, हा काळ संगणकाच्या जन्माच्या आधीचा आहे. यंत्र नव्हतं, पण विभाग होता. कोणता कागद कुठून कुठे जातो, तो का जातो, न गेला तर काय अडेल, एवढेच प्रश्न विचारणं हे त्याचं काम.

१९४७ मध्ये कंपनीनं दोन अधिकारी अमेरिकेला पाठवले, कचेरीच्या कामात नवं काय आहे ते बघायला. तिथे त्यांना इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची माहिती मिळाली आणि गंमत म्हणजे असंही कळलं, की तसंच एक यंत्र आपल्याच घराजवळ, केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स बनवताहेत. लायन्सनं विल्क्स यांना तीन हजार पौंड आणि आपला एक माणूस दिला आणि त्यांच्या यंत्राच्या धर्तीवर स्वतःचं यंत्र बांधलं. नाव ठेवलं ‘लिओ’. सुमारे सहा हजार व्हॉल्व्हचं, एक मोठी खोली व्यापणारं. नोव्हेंबर १९५१ पासून या यंत्रावर बेकरीतल्या मालाचं मूल्यांकन होऊ लागलं. मग पगारपत्रकं आली. एका कामगाराच्या पगाराच्या हिशेबाला कारकुनाला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. पण हा वेग मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची वाटते ती दुकानांच्या मागणीची व्यवस्था, ती जरा जवळून बघा. प्रत्येक दुकानाची, आठवड्याच्या प्रत्येक वाराची ठरलेली मागणी यंत्राकडे आधीपासून असे. दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी रोज मुख्य कचेरीतून फोन आला की फक्त फरक सांगायचा. उद्या बन कमी, स्विस रोल जास्त, एवढंच. कानाला फोन लावून बसलेली मुलगी तो फरक ऐकता ऐकता कार्डावर छिद्रं पाडून नोंदवी. त्यातून यंत्र सांगे, कुठलं पक्वान्न किती करायचं, कुठल्या दुकानाच्या गाडीत काय भरायचं. ‘बदल असेल तेवढंच सांगा’ ही कल्पना यंत्रानं दिली नाही. वर्षानुवर्षं कागदांची वाट तपासणाऱ्या माणसांना ती सुचली. त्यांनी बेकरी आणि दुकान यांच्यातली रुजवात एका फोनवर आणून ठेवली.

पण मग दुसऱ्यांनीही यंत्रं घेतली, त्यांना लगेच लाभ का झाला नाही? हा प्रश्न खरोखरच अर्थशास्त्रज्ञांना छळत होता. रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये अशी तक्रार केली, की संगणक जिकडेतिकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्राच्या इतिहासकारानं तीन वर्षांनी त्याचं उत्तर विजेच्या इतिहासात शोधलं. अमेरिकेतल्या कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी केलं काय, तर वाफेचं मोठं इंजिन काढलं आणि त्याच जागी विजेची मोठी मोटर बसवली. छताखालचा लांबलचक दांडा तोच, पट्टे तेच, यंत्रांची रांगही तीच. फायदा दिसला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळून कारखान्याची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली तेव्हा, आणि त्याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. जुन्याच फॉर्मची पीडीएफ करून तिच्यावर सही, शिक्का आणि पुन्हा झेरॉक्स मागणाऱ्या कचेऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मोटर नवी, पट्टा जुना!

घरातलं उदाहरण हवं असेल तर मुंबईला चला. ज्या १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली मुंबईत शेअर दलालांनी आपली संस्था स्थापन केली. (एका शहरानं बोलायला सुरुवात केली, दुसऱ्यानं सौदे करायला. ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे.) त्या बाजाराच्या रिंगणात सव्वाशे वर्षांच्या आसपास ओरडून, हातवारे करून सौदे होत. सोलापूरच्या किंवा सांगलीच्या गुंतवणूकदाराला दलालानं जो भाव सांगितला तो खरोखर त्या घटकेला होता का, हे ताडून पाहायला त्याच्याकडे काय होतं? काही नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानं दाखवून दिलं, की बँकाबँकांमधले व्यवहारही साध्या पावत्यांवर चालले होते आणि त्यांतल्या काहींच्या मागे रोखेच नव्हते. रुजवातच नव्हती. त्यानंतर राष्ट्रीय शेअर बाजार उभा राहिला आणि ३ नोव्हेंबर १९९४ पासून तिथे शेअरचे सौदे सुरू झाले. हा बाजार रिंगणाशिवायच जन्मला. उपग्रहाच्या तबकड्या, पडदा आणि संगणक एवढाच त्याचा पसारा. ज्याचा भाव चांगला त्याचा सौदा आधी, भाव सारखा असेल तर ज्यानं आधी मागणी घातली त्याचा आधी, आणि प्रत्येक सौद्यावर वेळेचा ठसा. सुमारे वर्षभरात या नव्या बाजाराची उलाढाल शतकभराहून जुन्या बाजाराच्या पुढे गेली. जुन्या बाजारालाही १९९५ च्या मार्चमध्ये आपलं रिंगण पडद्यावर न्यावंच लागलं. हे यश एकट्या संगणकाचं नाही, हे मान्य करायला हवं. नव्या बाजाराची मालकी दलालांच्या हातात नव्हती, ही गोष्टही तितकीच मोलाची. पण मालकी वेगळी ठेवून रिंगण तेच ठेवलं असतं, तर सांगलीच्या माणसाच्या हातात काय पडलं असतं?

इथपर्यंत यशाची बाजू झाली. आता उलट बाजू, कारण रुजवातीची किंमत ती चुकते तेव्हाच नीट कळते. मुंबईच्या फोर्टात ब्रॅडी हाउस नावाची इमारत आहे. तिथल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेत २०१८ च्या जानेवारीत एका हिरे व्यापाऱ्याच्या कंपन्यांची माणसं हमीपत्र मागायला आली. परदेशात माल घ्यायचा, तर आपली बँक दुसऱ्या बँकेच्या परदेशातल्या शाखेला हमी देई आणि ती शाखा पैसे मोजे, असा तेव्हाचा रिवाज. अधिकाऱ्यानं विचारलं, पूर्ण रकमेचं तारण आणलंय का? तर ते म्हणाले, पूर्वी कधी लागलं नव्हतं. अधिकाऱ्यानं बँकेची नोंद काढून पाहिली आणि तिथे पूर्वीचं काही सापडेचना. हमीपत्रं गेली होती, पैसे उचलले गेले होते, सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं. पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्याचा मागमूस नव्हता. कारण हमीचे संदेश जात स्विफ्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून आणि ही यंत्रणा बँकेच्या हिशेबाच्या प्रणालीला जोडलेलीच नव्हती. दोन टेबलं, दोन संगणक, एकाची दुसऱ्याला गंधवार्ता नाही. सुरुवातीला ११,४०० कोटी रुपयांचा आकडा बाहेर आला, पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला.

कुणी म्हणेल, हा माणसांचा लबाडपणा. यात आयटीचं काय? लबाड माणसं सगळीकडे असतात, हे जुन्या फडालाही माहीत होतं. म्हणून तर रुजवात होती. सगळेच प्रामाणिक असते, तर वहीला वही ताडायची गरजच काय होती? रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं, की ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा तिनं बँकांना या धोक्याची गोपनीय सूचना दिली होती. घोटाळा उघड झाल्यावर ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही प्रणाली जोडा, असा हुकूम निघाला. जे काम काही आठवड्यांत करायला सांगता येत होतं, ते आधी वर्षानुवर्षं राहिलं कशामुळे? तंत्र अवघड होतं म्हणून? मला तसं वाटत नाही. त्या जोडणीतून एकही नवा ग्राहक मिळणार नव्हता, एकही कर्ज विकलं जाणार नव्हतं. ती जोडणी कुणाच्याच विक्रीच्या उद्दिष्टात बसत नव्हती.

रुजवात चुकायला लबाडीच लागते असंही नाही. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात एक नवी सोय सुरू होणार होती, तिच्यासाठी कंपनीनं आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा होता. चढवणाऱ्यानं सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहिला. दुसऱ्या कुणी येऊन पाहिलं नाही. पाहायलाच हवं असा लेखी नियमही नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना प्रोग्राम झोपून होता. साडेनऊला बाजार उघडला, तो जागा झाला आणि बेफाम खरेदी-विक्री करत सुटला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरचं नुकसान. वर्षभरात कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. यातला सगळ्यात बोचणारा तपशील वेगळाच आहे. त्या सकाळी आठ वाजून एक मिनिटापासून बाजार उघडेपर्यंत कंपनीच्या यंत्रणेनं स्वतःहून कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्या जुन्या प्रोग्रामचं नाव घालून. यंत्रानं दीड तास दार ठोठावलं. त्या ईमेल धोक्याच्या सूचना म्हणून आखलेल्या नव्हत्या, म्हणून कुणी त्यांच्याकडे तसं पाहिलं नाही. माहिती होती, आणि ती वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं.

पुणेकरांना इतकं दूर जायची गरजही नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या प्रणालीला विचारला जातो. हल्लेखोरांनी मध्येच एक तोतया यंत्रणा बसवली, जी बँकेला न विचारताच ‘द्या पैसे’ म्हणत होती. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर नोटा बाहेर पडत होत्या. प्रश्न विचारला जात होता, उत्तरही मिळत होतं, पण उत्तर देणारा मालक नव्हता.

आणि आता एक असं उदाहरण, ज्यात चोरीही नाही आणि स्फोटही नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. दुसऱ्या दिवशी बँकेचा शेअर सुमारे दहा टक्के घसरला. मनाई उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं. कारणं काय दिली होती? आपल्याकडे कोणकोणती यंत्रं आणि प्रणाली आहेत याची यादी, पॅच आणि बदल यांची व्यवस्था, कुणाला कशात शिरायची परवानगी, बाहेरच्या पुरवठादारांमुळे येणारा धोका, माहितीची सुरक्षा, आपत्तीत काम चालू ठेवण्याची तयारी आणि तिचा सराव. ही यादी मुद्दाम सावकाश वाचली, कारण तीत चमकदार असं काहीही नाही. यादी करणं, नोंद ठेवणं, किल्ल्या मोजणं. फडावरच्या कारकुनाचं काम! ते अपुरं पडलं म्हणून देशातल्या एका आघाडीच्या खासगी बँकेचं दुकान अर्धं बंद राहिलं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेवर सेवा वारंवार बंद पडल्यावरून अशीच बंधनं आली होती. पर्यायी व्यवस्था कागदावर असणं आणि ऐनवेळी चालणं यांत किती अंतर असतं, ते तर ज्याचं आत्ताच कौतुक केलं त्या राष्ट्रीय शेअर बाजारानंही दाखवलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला तिथलं काम थांबलं ते दुपारी पावणेचारला सुरू झालं. पर्यायी केंद्र होतं, पण काम तिकडे हलवलं गेलं नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. सगळ्यात वजनदार आक्षेप निकोलस कार या लेखकाचा. मे २००३ मध्ये त्यानं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला आणि शीर्षकातच आयटीला काही महत्त्व नाही असं ठणकावलं. म्हणणं असं, की रेल्वे आली, वीज आली, तेव्हा ज्यांना ती आधी मिळाली त्यांना फायदा झाला. पुढे ती सगळ्यांनाच मिळू लागल्यावर ती असण्यात विशेष काही राहिलं नाही. संगणकाचंही तसंच. या लेखावर तेव्हा संगणक कंपन्यांचे प्रमुख चिडले होते, पण मला विचाराल तर यंत्रांबद्दल कार बरोबर आहे. सर्व्हर कुणीही विकत घेतो, सॉफ्टवेअर कुणीही भाड्यानं घेतो. नाइट कॅपिटलकडे यंत्रं वाईट होती का? मुळीच नाही. विकत मिळत नाही ते यंत्राच्या पलीकडचं: आपल्या धंद्याचा कागद कुठून कुठे जातो हे माहीत असलेली माणसं. आणखी एक. कारनं लेखाच्या शेवटी तीन सल्ले दिले होते. खर्च कमी करा. पुढे धावू नका, मागून या. आणि संधींपेक्षा धोक्यांकडे लक्ष द्या. कात्री घेऊन बसलेल्या आपल्या व्यवस्थापकांनी पहिला सल्ला पाठ केला. दुसरा आनंदानं पाळला. तिसऱ्यापर्यंत बहुधा कुणी वाचलंच नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. विभाग कशाला हवा? काम बाहेर देऊन टाका, सगळं क्लाउडवर न्या, करार करा, महिन्याचं बिल भरा. इथे पुन्हा दफ्तराकडे जाऊ. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्यानं दिल्या जाऊ लागल्या. ठरलेली रक्कम सरकारात भरा, वसुली कशी करता ते तुमचं तुम्ही बघा. वरवर किती सोपं! पण मक्ता दिला की गावातून प्रत्यक्ष काय निघतं हे मक्तेदाराला कळतं, सरकारला कळत नाही. ताडून पाहायला दुसरा कागदच उरत नाही. ज्या दफ्तराचा नानांच्या काळी दरारा होता, त्याची याच काळात आबाळ झाली, हा योगायोग नव्हता. नोंदीची गरजच मक्त्यानं संपवली होती. काम बाहेर देण्याला माझा विरोध नाही. स्वतःची वीज स्वतः बनवायची गरज नसते, तसा स्वतःचा सर्व्हर स्वतः थंड ठेवायचीही नसते. लहान पतसंस्थेनं किंवा मध्यम कारखान्यानं तो हट्ट धरूच नये. पण मक्तेदारानं दिलेला हिशेब वाचता येईल, त्याला अडचणीचा प्रश्न विचारता येईल, एवढी दोन-चार माणसं घरची हवीत. हमाली मक्त्यानं द्या, रुजवात देऊ नका.

तिसरा आक्षेप आयटीवाल्यांना आवडणार नाही, पण तो खरा आहे. हा विभाग स्वतःच कित्येकदा अडथळा होतो. अडचण सांगायला गेलं की ‘तिकीट टाका’. नवं काही मागितलं की ‘पॉलिसीत बसत नाही’. समोरच्याला न कळणारी भाषा बोलून मान मिळवण्याची खोड पंडितांची होती, ती यांना लागली. गोदामातला माणूस माल कसा मोजतो हे पाहायला गोदामात न जाता बाराव्या मजल्यावर बसून गोदामाची प्रणाली आखली, तर मोजणी कागदावर एक आणि प्रणालीत दुसरी होणारच. लायन्सची माणसं बेकरीत उभी राहून शिकली होती. जो विभाग दुकानात जात नाही, त्याला मसलतीत बोलवा असं मी म्हणणार नाही.

आणि चौथा आक्षेप लायन्सवरूनच घेता येतो. कुणी चाणाक्ष श्रोता प्रश्नोत्तरांत विचारेल, त्याआधी मीच सांगतो. जगातला पहिला धंद्याचा संगणक ज्यांनी चालवला, त्या लायन्सचं पुढे काय झालं? १९५४ मध्ये त्यांनी संगणकांची वेगळी कंपनी काढली, इतरांनाही यंत्रं विकली, १९६३ मध्ये हा धंदा इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाला. मूळ कंपनीनं १९७० च्या दशकात परकीय चलनात मोठी कर्जं काढून विस्तार केला, पौंड घसरला, कर्जं डोईजड झाली, आणि १९७८ मध्ये ही कंपनी एका मद्य उत्पादकानं विकत घेतली. मग इतक्या नेमक्या रुजवातीचा उपयोग काय झाला? उत्तर असं, की रुजवात खरं काय आहे ते सांगते. काय करावं ते सांगत नाही. उद्या किती स्विस रोल लागतील हे लिओ सांगू शके. डॉलरमध्ये कर्ज काढावं की नाही, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता आणि विचारून उपयोगही नव्हता. फडणीस चांगला असूनही राज्य बुडू शकतं. पण फड मोडलेला असताना राज्य टिकलं, असं उदाहरण शोधायला मात्र बराच वेळ लागेल.

शेवटी, या विभागाला बसवायचं कुठे? इथे रिझर्व्ह बँकेच्या एका नियमाकडे लक्ष वेधतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांसाठी आयटीच्या कारभाराचे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले; म्हणजे कोटकवरच्या आदेशाच्या तेवीस दिवस आधी. त्यांत म्हटलं आहे, की संचालक मंडळाची आयटीविषयक समिती हवी, तिच्या अध्यक्षाला या विषयाचं चांगलं ज्ञान हवं आणि तिची बैठक तिमाहीला किमान एकदा व्हावी. पण मला आवडलं ते त्यातलं एक कोरडं वाक्य. माहितीच्या सुरक्षेचा जो प्रमुख असेल, तो आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला कोणतंही व्यावसायिक उद्दिष्ट देऊ नये. लिहिणारा वेगळा, ताडणारा वेगळा, आणि ताडणाऱ्याला वसुलीत वाटा नाही. हुजूर दफ्तरातल्या कारकुनाला हे वाक्य समजावून सांगावं लागलं नसतं. हा नियम ज्यांना लागू नाही असे आपले कितीतरी कारखाने, दवाखाने, शिक्षणसंस्था आणि दूधसंघ आहेत. त्यांच्या संचालकांच्या बैठकीची विषयपत्रिका कधी हातात पडली तर बघा. इमारतीचं रंगकाम पाचव्या क्रमांकावर असतं. आयटी असलाच तर ‘आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत असतो, चहाचे कप उचलले जात असताना.